दोन कानांची श्रीमंती

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी चार शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा प्रथम मी नाहीच म्हणाले. मी काही वक्ती नव्हे. हळदीकुंकवाच्या वाणाचा हिशेब वाचून दाखवण्यापलीकडे या व्यासपीठावर माझी मजल कधी गेली नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "अहो, मागे तुम्ही त्या डोळे मिटून ऐकायच्या आवाजांची गंमत सांगितली होती, तीच सांगा की!" गंमत खरीच आहे. पण तिला दुसरी एक बाजू आहे, आणि ती मी मंडळात आजवर कोणाला सांगितली नाही. आज दोन्ही सांगते.

आरंभी एक खेळ खेळू. सर्वांनी डोळे मिटा. माझी धाकटी सून तुमच्यामधून फिरेल आणि मधूनमधून बांगड्या वाजवील. जिकडून आवाज येईल तिकडे बोट दाखवायचे. डोळे मात्र कोणी किलकिले करायचे नाहीत.

(येथे हा खेळ झाला. बहुतेक सर्व बोटे बरोबर दिशेला वळली.)

आता एका कानात बोट घालून तो घट्ट बुजवा, आणि पुन्हा एकदा.

(या खेपेस बोटे चहूकडे गेली आणि पुष्कळ हशा झाला.)

पाहिलेत? बांगड्या त्याच, वाजवणारी तीच. आवाज तर एका कानानेही ऐकू आला. हरवले ते त्याचे ठिकाण. म्हणजे 'काय वाजले' हे सांगायला एक कान पुरतो, पण 'कुठे वाजले' हे सांगायला दोन लागतात. माझ्या आजच्या बोलण्याचे सार इतकेच आहे.

हे कान करतात तरी कसे? समजा, बांगडी माझ्या उजव्या हाताला वाजली. नाद हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. तो उजव्या कानाशी आधी पोचतो आणि डोक्याला वळसा घालून डाव्या कानाशी किंचित उशिरा. हा उशीर केवढा? एका सेकंदाचे हजार भाग करा, आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा तीन. त्यातले साधारण दोन; म्हणजे फार तर इतकाच! इतक्या बारीक फरकावरून मेंदू दिशा काढतो. समोरच्या बाजूला तर सेकंदाच्या एक लक्षांश भागाएवढा फरकही चांगल्या कानांना कळू शकतो. आपण मात्र दूध उतू गेल्यावर धावतो आणि स्वतःला मंद म्हणवून घेतो!

दुसरी खूण सावलीची. उन्हात भिंतीची सावली पडते तशी नादाच्या वाटेत आपल्या डोक्याची सावली पडते. बांगडीची किणकिण, चिमणीची चिवचिव असे बारीक, उंच आवाज पलीकडच्या कानाला क्षीण ऐकू येतात. ढोलासारखा जाड आवाज डोक्याला वळसा घालून सहज पलीकडे जातो, म्हणून तिथे वेळेचा फरक कामी येतो. लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०७ साली या दोन खुणांची नीट मांडणी केली.

तिसरी खूण म्हणजे आपला बाहेरचा कान, ज्याच्या पाळीत आपण कुड्या घालतो. तो केवळ कुड्या घालण्यासाठी दिलेला नाही बरे! त्याच्या वळ्या-वळणांवर आदळून नादाचा रंग किंचित पालटतो. तो वरून आला की पुढून, की पाठीमागून, हे मेंदू त्यावरून ओळखतो. प्रत्येकीच्या कानाच्या वळ्या वेगळ्या, आणि जन्मापासूनच्या सवयीने प्रत्येकीच्या मेंदूला आपापल्या वळ्या पाठ झालेल्या असतात. इतके असूनही संशय राहिलाच तर आपण मान थोडी वळवतो, की लगेच उलगडा होतो.

आपल्या नागपूरचाही नादाच्या शास्त्राशी दूरचा का होईना संबंध आहे. शुक्रवारी तलावाजवळचे रमण विज्ञान केंद्र आपण मुलानातवंडांना घेऊन पाहून आलो आहोत. ज्यांच्या नावाने ते आहे ते चंद्रशेखर वेंकट रमण १९१० च्या सुमारास सरकारी हिशेबखात्याच्या नोकरीत काही काळ नागपुरास होते. प्रकाशावरील कामासाठी १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले हे सर्वांना ठाऊक आहे, पण त्याआधी कितीतरी वर्षे ते नादाच्या मागे होते. व्हायोलिन, तबला, मृदंग यांचा त्यांनी अभ्यास केला, आणि कुजबुज जिथे दूरवर ऐकू येते अशा सज्जांचाही. आपल्यापैकी काहीजणी सहलीला विजापूरचा गोलघुमट पाहून आल्या आहेत. तिथे एकीने सज्जाच्या भिंतीशी पुटपुटावे आणि सव्वाशे फूट पलीकडे उभ्या असलेल्या दुसरीने ते ऐकावे. कानाला वाटते, बोलणारी इथेच भिंतीत लपली आहे! कारण नाद भिंतीला धरून येतो, आणि तो शेवटी जिकडून शिरला तिकडेच कान बोट दाखवतो. बोलणारी खरोखर कुठे उभी आहे हे कानाला कळत नाही. त्याला फक्त दारात आलेला पाहुणा दिसतो.

भगिनींनो, नेमकी इथेच माणसाला युक्ती सुचली. दोन्ही कानांच्या दारांशी जो नाद यायला हवा तोच हुबेहूब आणून पोचवला, तर कान फसणार नाही का?

आपल्या लहानपणीचा रेडिओ आठवा. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. आमच्या घरी रेडिओची लाकडी पेटी होती. श्रुतिकेत सासू बोलो, सून बोलो, दारावरचा भय्या बोलो, सगळे त्या एकाच जाळीमागे दाटीवाटीने उभे असल्यासारखे वाटायचे. त्यात आम्हांला काही उणे वाटत नव्हते, हेही खरे. पण ते एका डोळ्याने पाहण्यासारखे होते.

दोन्ही कानांची युक्ती मात्र रेडिओहूनही जुनी आहे. १८८१ साली पॅरिसला विजेचे मोठे प्रदर्शन भरले. तिथे क्लेमां आदेर नावाच्या गृहस्थांनी ऑपेरागृहाच्या रंगमंचाच्या कडेने टेलिफोनचे ध्वनिग्राहक मांडले आणि तारा प्रदर्शनात आणल्या. ऐकणाऱ्याने दोन टेलिफोन दोन कानांना लावायचे. एकाची तार मंचाच्या एका बाजूची, दुसऱ्याची दुसऱ्या बाजूची. गायक मंचावर चालू लागला की ऐकणाऱ्याला तो चालताना 'दिसे'! पुढे १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात बेल कंपनीच्या प्रयोगशाळेने काचेच्या खोलीत एक पुतळा बसवला. त्याचे नाव ऑस्कर. त्याच्या दोन्ही कानांपाशी एकेक ध्वनिग्राहक. बाहेर लोक कानांना यंत्रे लावून बसत, आणि आत ऑस्करच्या कानाशी कोणी बोलले की ते आपल्याच कानाशी बोलले असे त्यांना वाटे. १९७३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनाच्या वेळी अशाच कृत्रिम डोक्याने मुद्रित केलेली श्रुतिका लोकांना ऐकवण्यात आली. याला म्हणतात द्विकर्णी ध्वनिमुद्रण. ऐकायला साधे हेडफोन पुरतात, पण हेडफोनच हवेत. पेट्यांवर लावले तर डाव्या पेटीचा आवाज उजव्या कानात आणि उजवीचा डाव्यात शिरतो, आणि सगळा खेळ मोडतो.

हे ज्ञान मला कुठून? माझ्या पुतण्याकडून. त्याला आवाजाचे भारी वेड. त्याने पहिल्यांदा मला ऐकवले ते १९९६ सालचे एक प्रसिद्ध मुद्रण. ते संगणकाच्या करामतीने केलेले आहे. आपण न्हाव्याच्या खुर्चीत बसलो आहोत आणि तो आपल्या डोक्याभोवती कात्री चालवतो आहे, एवढेच त्यात आहे. पण कात्री उजव्या कानामागे आली तशी मी दचकून पदर सावरला, आणि घरातली पोट्टी पोट धरून हसली.

आता खरी गोष्ट. इतवारीतला आमचा जुना वाडा आपल्यापैकी थोरल्या भगिनींनी पाहिलेला आहे. मंडळाच्या सुरुवातीच्या काही सभा त्याच ओसरीवर झाल्या. २०१६ साली तो पाडायचे ठरले. भिंती वाकल्या होत्या, भाऊबंदांचे वाटे व्हायचे होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पुतण्या म्हणाला, "काकू, फोटो सगळेच काढतात. आपण वाड्याचा आवाज ठेवून घेऊ." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. त्याच्याजवळ पुतळा नव्हता. हरभऱ्याच्या दाण्याएवढे दोन ध्वनिग्राहक होते. ते त्याने माझ्या दोन्ही कानांच्या तोंडाशी बसवले, छोटे यंत्र मांडीवर ठेवले आणि सांगितले, "रोज बसता तिथेच बसा. हलू नका, बोलू नका." म्हणजे आमच्या घरचा ऑस्कर मीच झाले.

बावीस मिनिटांचे ते मुद्रण आहे. समोर तुळशीपाशी चिमण्या. उजवीकडे न्हाणीघरात नळाखाली हंडा भरतो आहे; भरत आला तसा त्याचा सूर चढत जातो. डोक्यावर माळ्यात पारवे घुमताहेत. पाठीमागे जिना, आणि त्याची करकरणारी पाचवी पायरी. डाव्या हाताला झोपाळा, त्याची कडी कुरकुरते आहे, आणि झोपाळ्यावर माझ्या सासूबाई वाती वळत बसल्या आहेत. मग दुरून मारबतीचे ढोल. गल्लीच्या तोंडावरून मिरवणूक डावीकडून उजवीकडे सरकत जाते, 'घेऊन जा गे मारबत' असा पोरांचा गलका उठतो आणि हळूहळू विरतो. त्यानंतर झोपाळा थांबतो. सासूबाई उठतात, माझ्या डाव्या कानाशी वाकतात आणि म्हणतात, "काय वं, कानात काय घातलं हे? ऐकू येते ना तुले?"

आणि मी, पुतण्याने बजावले असूनही, म्हणते, "येते जी, आई."

दिवाळीनंतर वाडा गेला. २०१८ साली सासूबाई गेल्या. त्या हिवाळ्यात पुतण्याने मला ते मुद्रण हेडफोनवर ऐकवले. मी डोळे मिटले मात्र, आणि वाडा उभा राहिला. फोटोत वाडा आपल्या समोर असतो. इथे मी वाड्याच्या आत होते. जिना माझ्या पाठीशी होता, माळा माझ्या डोक्यावर होता. एकच विचित्र गोष्ट व्हायची. मी मान वळवली की सगळा वाडा माझ्याबरोबर वळायचा, कारण तो माझ्या कानांना बांधलेला होता. (आता असे हेडफोनही निघाले आहेत की मान वळली तरी आवाज आपल्या जागी राहतो, पण माझ्या साध्या मुद्रणाला ते लागू नाही.) दुसऱ्यांना या मुद्रणात कधीकधी समोरच्या चिमण्या मागे वाटतात, कारण वळ्या माझ्या कानांच्या आहेत. मला मात्र प्रत्येक चिमणी जागच्या जागी सापडे. आणि सासूबाई डाव्या कानाशी वाकल्या की मी दर वेळी वळून बघे.

आता गमतीची दुसरी बाजू. २०२१ च्या डिसेंबरात एके दिवशी सकाळी उठले तो डावा कान भरल्यासारखा वाटला. आत शिट्टीसारखा आवाज, थोडी चक्कर. थंडीचे दिवस, मी म्हटले, कान बसला असेल. लसूण घालून तेल कोमट केले आणि ओतले. घरात नातीचे बारसे होते. आपले दुखणे घेऊन मध्येच कोण बसणार? आज जाऊ, उद्या जाऊ करता करता अठरा दिवस गेले. डॉक्टरांनी तपासून विचारले, "आजी, पहिल्या दिवशीच का नाही आलात?" कानाच्या आतली नस एकाएकी निकामी होण्याचा हा आजार आहे. त्यावर औषध असते, पण ते पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत सुरू झाले तर गुण येण्याचा संभव अधिक. वेळेवर जाऊनही काहींना गुण येत नाही हे खरे. पण मी ती संधी तेलाच्या पळीत घालवली. उपचार केले. डावा कान परत आला नाही.

भगिनींनो, मघाशी तुम्ही मिनिटभर एक कान बुजवलात आणि हसलात. मी तेव्हापासून तशीच आहे. घरात कुकरची शिट्टी होते, पण ती आमची की शेजारची, ते कळत नाही. मोबाईल वाजतो आणि मी तीन खोल्या फिरते. सीताबर्डीवर रस्ता ओलांडताना हॉर्न ऐकू येतो, पण कोणत्या बाजूने ते कळत नाही, म्हणून मी खांबासारखी उभी राहते. आणि चारचौघी एकदम बोलू लागल्या की सगळ्यांचे बोलणे एका पातेल्यात घुसळल्यासारखे होते. दोन कान असले की गर्दीतून हवा तो आवाज निवडता येतो. मला तो निवडता येत नाही. म्हणून मी नुसती मान डोलावते.

या मान डोलावण्याने काय झाले ते आज सांगितलेच पाहिजे. मंडळात बोलले जाऊ लागले, की मुलांनी मोठे घर बांधल्यापासून बाई गर्विष्ठ झाल्या. हाक मारली तरी ओ देत नाहीत. एका जुन्या मैत्रिणीने संक्रांतीला माझ्या डाव्या बाजूने तिळगूळ पुढे केला. मी तशीच पुढे निघून गेले. तिने दोन वर्षे माझ्याशी अबोला धरला. चूक तिची नव्हती, माझीच. मला सांगायची लाज वाटली. चष्मा लागला तर आपण चारजणींत मिरवतो, आणि कान गेला तर लपवतो! हे असे का, याचा विचार आपण सर्वांनी करावा.

कान गेल्यावर बरेच महिने ते मुद्रण ऐकण्याचा धीर मला झाला नाही. अखेर एका दुपारी ऐकले. नळ होता, हंड्याचा सूर होता, पारवे होते, पण सगळे उजव्या कानात गोळा होऊन बसलेले. जिना पाठीमागे नव्हता, माळा वर नव्हता. जणू वाडा पुन्हा एकदा पाडला होता. सासूबाई बोलल्या, पण फार लांबून बोलल्यासारख्या. माझ्याच डोक्याच्या सावलीतून जेवढा आवाज पलीकडे आला होता तेवढाच. मग मी हेडफोन उलटे घातले, डावा उजवीकडे. आता त्यांचे शब्द स्पष्ट आले, श्वाससुद्धा ऐकू आला. पण त्या कोणत्याही बाजूला उभ्या नव्हत्या. "ऐकू येते ना तुले?" एवढाच प्रश्न होता, वाकून विचारणारी मात्र कुठेच नव्हती.

त्या दिवशी एक गोष्ट ध्यानात आली. माझ्या डाव्या कानाने जे ऐकले होते ते सगळे त्या मुद्रणात अजून शाबूत आहे. फक्त ते आता मला उघडता येत नाही. दोन कान असलेल्या कोणालाही ते उघडता येईल.

तेव्हा मंडळाला माझ्या चार सूचना आहेत. एक: महिन्यातून एकदा मोबाईलवर बोलताना तो आलटून पालटून दोन्ही कानांना लावून पाहा, एका बाजूला कमी ऐकू येत असेल तर तपासून घ्या. दोन: एकाएकी एका कानाने ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. बारसे असो की लग्न असो. तेल, लसूण, काडी कानात घालू नका. तीन: हेडफोन लावाल तर आवाज बेताचा ठेवा, आणि नातवंडांनाही सांगा; मोठा आवाज हळूहळू कानातले तंतू मारतो आणि ते पुन्हा उगवत नाहीत. चार: ज्या भगिनीला कमी ऐकू येते तिच्या समोर येऊन बोला, तिला चांगल्या कानाच्या बाजूला बसवा. बहिऱ्या बाजूचा आवाज चांगल्या कानाला पोचवणारी यंत्रे आता मिळतात. मीही एक वापरून पाहिले आहे. त्याने बोलणे कळते, दिशा मात्र कळत नाही. ती खुर्चीच्या जागेने आणि तुमच्या समजूतदारपणानेच भरून निघते.

सभा संपल्यावर दाराजवळच्या टेबलावर हेडफोन ठेवले आहेत. डाव्या बाजूला लाल दोरा बांधला आहे, उलटे घालू नका. एकेकीने बसावे, डोळे मिटावे आणि बावीस मिनिटे माझ्या जागी, माझ्या ओसरीवर बसावे. ज्यांनी वाडा पाहिला आहे त्यांना जिना सापडेल. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी येऊन मला सांगावे, झोपाळा कुठे आहे ते. मला ते तुमच्या तोंडून ऐकायचे आहे. शेवटी एक म्हातारी बाई डाव्या कानाशी वाकून तुम्हांला काही विचारील. लाजू नका, तिला उत्तर द्या.

आणि जिच्या हातचा तिळगूळ मी घेतला नाही, ती आज पहिल्या रांगेत बसली आहे. तिला माझी विनंती आहे, की यापुढे तिने माझ्या उजव्या हाताला बसावे.